माहुलीच्या वाळूतला कण आणि फिरते चुंबकीय क्षेत्र : एक प्रकरण अभ्यास

साताऱ्यातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने चुंबकीय कणांचे फिरणे हा विषय घेतला होता आणि तिची मार्गदर्शक म्हणून मी त्या कामात सुरुवातीपासून सहभागी होते. प्रश्न साधा होता. चिकट द्रवात तरंगणाऱ्या एका सूक्ष्म चुंबकीय कणाभोवती चुंबकीय क्षेत्र फिरवले, तर कण त्याच्याबरोबर किती वेगापर्यंत फिरतो आणि त्यापुढे त्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्ताच्या पातळीवर पुष्कळ आधी मिळालेले आहे. परंतु प्रयोगात ते उत्तर मिळवताना आम्ही तीन ठिकाणी चुकलो आणि त्या चुका एकीत एक गुंतलेल्या होत्या. त्या कशा सुटल्या हे सविस्तर नोंदवावे असे मला वाटते, कारण असे प्रयोग कमी खर्चात करू पाहणाऱ्या कोणत्याही विभागात त्या पुन्हा घडू शकतात.

कण विकत घेतलेले नव्हते. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीच्या घाटाखाली उन्हाळ्यात पात्र उघडे पडते, तेथील वाळूतून ते काढले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक कोरड्या वाळूवरून फिरवला की पिशवीला काळ्या पुडीची दाढी चिकटते. चुंबक पिशवीतून बाहेर काढला की ती पूड आपोआप खाली ठेवलेल्या कागदावर गळते. लहानपणी हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी केलेला असतो. ही पूड म्हणजे मुख्यतः टायटॅनियम मिसळलेला मॅग्नेटाइट असून तो दख्खनच्या बेसाल्टमधून झिजून नदीत येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना याच खनिजाने त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात गोठवून ठेवली, आणि सह्याद्रीच्या खडकांचे चुंबकीय वाचन आजही त्याच्याच आधारे होते. म्हणजे कणाला स्वतःचे शिल्लक चुंबकत्व असते, ही गोष्ट आम्हाला आयती मिळाली होती. पूड पाण्यात ढवळून, जड भाग खाली बसू देऊन, १५ ते २० मायक्रोमीटर लांबीचे कण वेगळे केले आणि सर्वांचे शिल्लक चुंबकत्व शक्य तितके सारखे यावे म्हणून एका प्रबळ निओडिमियम चुंबकाजवळ धरून ते नव्याने चुंबकित केले.

फिरते क्षेत्र म्हणजे काय, हे आपल्याकडे शेतातल्या मोटारीवरून समजते. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीत तीन वाइंडिंगमधून वेगवेगळ्या फेजचा प्रवाह जातो आणि मधल्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. दोन ध्रुवांच्या मोटारीत ५० हर्ट्झला ते मिनिटाला ३००० फेऱ्या घेते, आणि रोटर मात्र त्याच्या थोडा मागे राहतो. आमच्या व्यवस्थेत तीनऐवजी दोनच फेज होते. एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या कॉइलच्या दोन जोड्या आणि त्यांत ९० अंश फेजच्या फरकाने, म्हणजे पाव आवर्तन मागेपुढे, सोडलेला प्रवाह, एवढ्यावर मधल्या जागेत क्षितिजसमांतर क्षेत्र फिरत राहते.

कणावर दोन टॉर्क, म्हणजे फिरवणारे जोर, काम करतात. क्षेत्र त्याला आपल्या दिशेला ओढते आणि द्रवाचा चिकटपणा, म्हणजेच श्यानता, त्याला अडवते. इतक्या लहान कणाच्या बाबतीत जडत्वाला काही अर्थ उरत नाही, म्हणून हे दोन टॉर्क प्रत्येक क्षणी बरोबरीत असतात. क्षेत्र सावकाश फिरत असेल तर कण त्याच्या मागे एका ठराविक कोनाने राहून त्याच वेगाने फिरतो. क्षेत्राचा वेग वाढवत नेला की हा कोन वाढतो आणि ९० अंशांवर पोहोचतो. तेथे चुंबकीय टॉर्क आपल्या कमाल मर्यादेला आलेला असतो. ज्या वारंवारतेला हे घडते तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. त्यापुढे कण क्षेत्राला धरून राहू शकत नाही. क्षेत्र पुढे निघून जाते, कण थबकतो, थोडा मागे ओढला जातो, पुढची फेरी आली की पुन्हा तिच्याबरोबर काही अंतर चालतो. सरासरी वेग काढायचा असेल तर क्षेत्राच्या वारंवारतेच्या वर्गातून क्रांतिक वारंवारतेचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे आणि ते क्षेत्राच्या वारंवारतेतून वजा करावे. उदाहरणार्थ क्रांतिक वारंवारता १० हर्ट्झ असेल, तर १२ हर्ट्झच्या क्षेत्रात कण सेकंदाला सरासरी ५.४ फेऱ्या घेतो, २० हर्ट्झला २.७ आणि ३० हर्ट्झला फक्त १.७. म्हणजे क्षेत्र जितके वेगाने फिरवावे तितका कण हळू होतो.

यातली आणखी एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. चुंबकीय टॉर्क कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतो आणि चिकटपणाचा विरोधही आकारमानाच्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे आकार सारखा असेल तर क्रांतिक वारंवारता कण लहान की मोठा यावर अवलंबून राहत नाही. ती क्षेत्र, कणाचे चुंबकन आणि श्यानता या तिघांवर ठरते. म्हणूनच असा कण द्रवाची श्यानता मोजण्याचे साधन होऊ शकतो. डीएनएच्या रचनेसाठी ज्यांचे नाव जगाला माहीत आहे त्या फ्रान्सिस क्रिक यांनी त्याआधी, १९५० मध्ये, आर्थर ह्यूज यांच्याबरोबर जिवंत पेशींत गेलेले चुंबकीय कण बाहेरच्या क्षेत्राने वळवून पेशीद्रव्याचे गुणधर्म तपासले होते. पुढे मिशिगन विद्यापीठात राउल कोपेलमन यांच्या गटाने क्रांतिक वारंवारतेपलीकडे फिरणाऱ्या चुंबकीय मण्याला जिवाणू चिकटला की मण्याचा वेग कसा बदलतो, यावरून जिवाणूची वाढ मोजण्याची पद्धत विकसित केली.

आता आमच्या मांडणीकडे वळते. कॉइल शहरातल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतल्या. आतल्या जोडीची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि प्रत्येकी ४०० वेढे. बाहेरची जोडी आतल्या जोडीला सामावून घ्यायची म्हणून तिची त्रिज्या ७ सेंटिमीटर, आणि तेवढ्याच प्रवाहाला तेवढेच क्षेत्र मिळावे म्हणून वेढे प्रत्येकी ५६०. द्रव म्हणून वजनाने ८० टक्के ग्लिसरीन आणि २० टक्के पाणी घेतले. या मिश्रणात आमचा कण सेकंदाला सुमारे १० मायक्रोमीटर वेगाने बुडतो, म्हणजे २ मिलिमीटर खोलीच्या काचेच्या पेटीत तो तीन-साडेतीन मिनिटांत तळाला जातो आणि तळाला टेकला की काचेशी होणारे घर्षण सगळे मोजमाप बिघडवते. यावर विद्यार्थिनीने शोधलेला उपाय सुरेख होता. पेटी दोन्ही बाजूंनी बंद करून टाकायची आणि प्रत्येक वाचनानंतर वाळूच्या घड्याळासारखी उलटी करायची. कण पुन्हा वरून खाली येऊ लागतो आणि पुढच्या वाचनाला तीन मिनिटे मिळतात. पेटी बंद असल्याने ग्लिसरीन पावसाळी हवेतली आर्द्रताही शोषत नव्हते, आणि साताऱ्यातल्या जुलै महिन्यात हे फार महत्त्वाचे आहे. सूक्ष्मदर्शकाच्या लोखंडी मंचामुळे क्षेत्र वाकडे होऊ नये म्हणून पेटी लाकडी चौकटीवर उंच बसवली, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर मोबाइल बसवून चित्रण केले.

पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे आमच्या २ मिलिटेस्लाच्या फिरत्या क्षेत्राच्या दोन टक्के. ते दुर्लक्षित करता आले. पण चुंबकीय मोजमापात आजूबाजूचा परिसर कसा नडतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसताच कुलाबा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत तेथील चुंबकीय निरीक्षण अलिबागला हलवण्यात आले आणि १९०४ पासून तेथे वेध घेतले जाऊ लागले. विद्यार्थिनीला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पुढे आम्हाला नडले ते मात्र परिसरातले काही नव्हते.

पहिली वाचने चांगली आली. २, ४, ६ हर्ट्झला कण क्षेत्राबरोबर फिरत होता. ८ हर्ट्झला ती धावत माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, कण उलटा फिरतोय." मी जाऊन चित्रफीत पाहिली. खरोखरच कण उलट दिशेने फिरताना दिसत होता. ९ हर्ट्झला तो सेकंदाला ६ फेऱ्या उलट घेत होता, १० हर्ट्झला ५. त्यानंतर १२ हर्ट्झला तो अडखळत पुन्हा सुलट फिरू लागला.

येथे माझ्याकडून चूक झाली. क्रांतिक वारंवारतेपलीकडे कण क्षणभर मागे ओढला जातो हे मला माहीत होते, आणि समोर दिसणारी उलटी फेरी हे त्याचेच रूप आहे असे मी मानले. क्रांतिक वारंवारता ७ ते ८ हर्ट्झच्या दरम्यान आहे अशी नोंद आम्ही केली आणि दोन आठवडे त्या समजुतीवर काम पुढे नेले. खरी घटना आणि दिसणारी घटना एकमेकींना इतक्या सारख्या होत्या की शंका यायला वेळ लागला. प्रवाहाची एक जोडणी उलटी करून पाहिली तेव्हा उलट दिसणारा कण सुलट दिसू लागला आणि आमचा विश्वास आणखी पक्का झाला. वास्तविक त्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नव्हते, कारण दिसण्यात फसगत असती तरी दिशा बदलल्यावर तीही उलटली असती.

शंका आली ती सूत्र पुन्हा लिहिताना. क्षेत्राच्या वारंवारतेतून त्याच्यापेक्षा नेहमीच लहान असलेले वर्गमूळ वजा होते, म्हणून सरासरी वेग शून्याकडे जाईल पण शून्याखाली कधीच जाणार नाही. कण प्रत्येक फेरीत थोडा मागे येईल, पण एकंदरीत उलटा फिरणार नाही. मग सेकंदाला ६ उलट फेऱ्या कोठून आल्या?

मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेत होता. आमचा कण लांबट होता आणि त्याची दोन्ही टोके जवळजवळ सारखी, म्हणून अर्धी फेरी झाली की तो पूर्ववत दिसत असे. दोन चित्रांच्या दरम्यान कण ९० अंशांपेक्षा जास्त फिरला की डोळा जवळचे टोक धरतो आणि फेरी उलटी दिसते. ही मर्यादा सेकंदाला साडेसात फेऱ्या. ९ हर्ट्झला दोन चित्रांत कण १०८ अंश पुढे जातो, आणि तो ७२ अंश मागे गेल्यासारखा दिसतो. त्याचेच सेकंदाला ६ उलट फेऱ्या होतात. चित्रपटात टांग्याची चाके उलटी फिरताना आपण पाहिलेली असतात, तेच येथे घडले होते. पडताळा सोपा होता. तोच कण, तेच ९ हर्ट्झ, फक्त चित्रांचा वेग बदलायचा. २४ चित्रांना ३ उलट फेऱ्या, ३० ला ६ उलट, आणि ६० ला ९ सुलट फेऱ्या दिसल्या. कणाला मोबाइलची सेटिंग माहीत असण्याचे कारण नाही. त्या दिवसापासून सर्व चित्रण २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये झाले, आणि क्रांतिक वारंवारता १० हर्ट्झच्या आसपास असल्याचे दिसून आले. अंदाजी हिशेबानेही ते जुळत होते. कणाचे शिल्लक चुंबकन मीटरला १० हजार अँपिअर या घरात धरले, क्षेत्र २ मिलिटेस्ला आणि श्यानता २५ अंशांना सुमारे ४५ मिलिपास्कल-सेकंद, तर गोल कणासाठी उत्तर १२ हर्ट्झच्या जवळ येते. लांबट कणाला विरोध अधिक होतो.

परंतु आलेख अजून बसत नव्हता. क्रांतिक वारंवारतेपुढे कण सिद्धान्तापेक्षा जास्त मंद होत होता. ३० हर्ट्झला १.७ ऐवजी १ च्या आसपास फेरी मिळत होती, आणि तीही एकसारखी नव्हे, लंगडत. याच सुमारास एका कॉइलची तार तुटली म्हणून विद्यार्थिनी ती घेऊन दुकानात गेली. मिस्त्रींनी दोन्ही जोड्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, बाहेरच्या कॉइलला तार दुप्पट गेलीय. फिरकी वाढवली की दोघींत करंट सारखा राहील कसा?" ती म्हणाली, "काका, सारखा करून घेतला होता." तो सारखा केला होता हे खरे, पण फक्त २ हर्ट्झला, आणि एकदाच.

हिशेब मांडल्यावर त्यांचे म्हणणे किती अचूक होते ते कळले. आतल्या जोडीचा रोध ११ ओहम आणि प्रेरकत्व, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, सुमारे ४० मिलिहेन्री; बाहेरच्या जोडीचा रोध २२ ओहम आणि प्रेरकत्व सुमारे ११० मिलिहेन्री. व्होल्टेज तेच ठेवले तर ३० हर्ट्झला आतल्या जोडीतला प्रवाह ८२ टक्क्यांवर येतो आणि बाहेरच्या जोडीतला ७३ टक्क्यांवर. शिवाय एकीतला प्रवाह ३४ अंशांनी मागे पडतो आणि दुसरीतला ४३ अंशांनी, म्हणजे दोघींतला ९० अंशांचा फरकही ढळतो. म्हणजे वारंवारता वाढवताना आम्ही नकळत क्षेत्र कमी करत होतो आणि त्याचे वर्तुळ चेपून लंबवर्तुळ करत होतो. असे क्षेत्र म्हणजे सुलट फिरणारे मोठे आणि उलट फिरणारे लहान अशा दोन वर्तुळांची बेरीज असते. कणाच्या लंगडण्याचे मूळ त्या लहान वर्तुळात होते. प्रत्येक जोडीत १ ओहमचा रोध जोडून त्यावरचे व्होल्टेज सीआरओच्या, म्हणजे व्होल्टेजचे बदल पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या, दोन अक्षांना दिले, दोन्ही अक्षांचे प्रमाण कॉइलच्या क्षेत्रानुसार लावले, आणि प्रत्येक वारंवारतेला पडद्यावर मूळ त्रिज्येचे गोल वर्तुळ येईपर्यंत दोन्ही प्रवाह आणि फेज जुळवले. मगच वाचन घ्यायचे असे ठरले.

तिसरी अडचण आमच्याच पहिल्या दुरुस्तीतून आली. २४० चित्रांसाठी उजेड जास्त लागतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा हॅलोजन दिवा पूर्ण तेजाने लावावा लागला आणि त्याच्या उष्णतेने पेटी तापू लागली. या मिश्रणाची श्यानता २० अंश सेल्सिअसला ६० मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशांना ती ३४ वर उतरते. पाऊण तासात पेटी सहा-सात अंशांनी तापत होती, आणि चढत्या क्रमाने घेतलेली वाचने उतरत्या क्रमाच्या वाचनांशी जुळत नव्हती. वाचने दोन्ही क्रमांनी घेण्याची सवय तिने स्वतःहून लावून घेतली होती आणि त्यामुळेच हे लक्षात आले. पेटीला थर्मोकपल चिकटवला, चित्रणापुरते दहा सेकंदच दिवा लावायचा असे ठरवले आणि प्रत्येक वाचनापुढे तापमान लिहिले.

एवढे झाल्यावर वक्ररेषा बसली. त्यावर उभा असलेला खरा प्रश्नही हाताळता आला. कण स्वतःच्या शिल्लक चुंबकत्वामुळे फिरतो की क्षेत्राने तात्पुरते निर्माण केलेल्या चुंबकत्वामुळे? पहिल्या बाबतीत क्रांतिक वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात वाढते, दुसऱ्या बाबतीत क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. आमच्या कणांसाठी ३ मिलिटेस्लापर्यंत आलेख सरळ रेषेत गेला आणि पुढे हळूहळू वर वळला. म्हणजे कमी क्षेत्रात शिल्लक चुंबकत्वाचा वाटा मोठा असतो आणि क्षेत्र वाढते तसा दुसऱ्याचा वाटा जाणवू लागतो. हे निष्कर्ष एकेका कणापुरते आहेत, कारण प्रत्येक कणात टायटॅनियमचे प्रमाण वेगळे असते आणि दोन कणांची थेट तुलना करता येत नाही.

तरीही मला समाधान नव्हते. तीन दुरुस्त्या केल्यावर जुळलेली रेषा आपण जुळावी म्हणून जुळवली असे तर नाही, ही शंका मनात राहतेच. सिद्धान्तात फक्त दोन वारंवारतांचे गुणोत्तर येते. द्रव दोनशे पट चिकट घेतला तर सगळा प्रकार दोनशे पट सावकाश व्हायला हवा, आणि त्या गतीला ना कॉइलचे प्रेरकत्व आडवे येते ना कॅमेरा. असा द्रव आमच्या जिल्ह्यात सहज मिळतो. महाबळेश्वरचा मध आणला. त्याची श्यानता १० पास्कल-सेकंदांच्या घरात असते आणि त्यात कण मिनिटाला जेमतेम ३ मायक्रोमीटर बुडतो, म्हणजे तासभर तो जागचा हलला नाही असेच म्हणता येईल.

त्याच पुडीतला दुसरा एक कण मधात सोडला आणि क्षेत्र २ मिलिटेस्ला ठेवले. क्रांतिक वारंवारता ०.०५ हर्ट्झच्या आसपास आली, वीस सेकंदांना एक फेरी. नंतर क्षेत्र ०.१ हर्ट्झने फिरवले. सीआरओच्या पडद्यावर आता वर्तुळाऐवजी क्षेत्राची त्या क्षणीची दिशा दाखवणारा एकच हिरवा बिंदू दहा सेकंदांना एक फेरी घेत होता, आणि विद्यार्थिनी एक डोळा नेत्रिकेला लावून हातात स्टॉपवॉच धरून बसली होती. मी बिंदू कोठे आहे ते मोठ्याने सांगत होते. बिंदू कणाला मागे टाकून पुढे गेला, कण थबकला, दोन-तीन सेकंद मागे वळला, आणि बिंदू पलीकडून फेरी मारून येताच पुन्हा त्याच्या मागे चालू लागला. साडेअकरा सेकंदांच्या अशा प्रत्येक आवर्तनात तो सुमारे ५६ अंश पुढे सरकायला हवा होता. सात आवर्तनांनंतर तिने डोळा काढला आणि वहीत लिहिले : एक फेरी पूर्ण, वर आणखी थोडे.